पाचशे फुटांखालची शर्यत

बोअरची गाडी बहुधा रात्रीच येते. दुसऱ्या कुठल्या शिवारातले काम आटोपून तमिळनाडूच्या क्रमांकाची पाटी लावलेले ते दोन अवजड ट्रक बांधावरून हेलकावत शेतात शिरतात, तोवर निम्मे गाव बॅटऱ्या घेऊन जमलेले असते. काही वर्षांपूर्वीच्या एका एप्रिलमध्ये सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या आजोळी मी हे जवळून पाहिले. दुपारी पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा ठेवून रान पालथे घातले होते आणि नारळ उभा राहिला तिथे चुन्याची फुली मारली होती. मामा त्या फुलीपासून चार हातांवर, कॉम्प्रेसरच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. २० फुटांचा एक रॉड खाली गेला की पोरे मोठ्याने आकडा पुकारत. ३०० फुटांपर्यंत नुसती राखाडी धूळ उडत राहिली आणि कडेच्या डाळिंबांवर बसत राहिली. ४८० ला आधी चिखल आला, मग पाणी. ‘दीड इंची लागलंय,’ असे गाडीवाल्याने जाहीर केले आणि मामींनी जमलेल्यांच्या हातावर साखर ठेवली.

तिसऱ्या दिवशी बांधापलीकडच्या शेजाऱ्यांची ३०० फुटी बोअर हवा ओढू लागली. ते भांडायला आले नाहीत. त्यांनी मामांकडून गाडीवाल्याचा नंबर मागून घेतला.

स्पर्धा श्रेष्ठ की सहकार, हा आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धेचा लाडका विषय आहे (तो स्पर्धेतच मांडला जातो, यातला विनोद सहसा कोणाच्या लक्षात येत नाही). मोठ्यांच्या चर्चेतही त्याचे रूप फारसे बदलत नाही. एक पक्ष १९९१ पूर्वीचे दिवस आठवून सांगतो, की टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या माणसाला स्पर्धेचे मोल विचारा. दुसरा पक्ष साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था दाखवून ‘विना सहकार नहीं उद्धार’ ही घोषणा पुन्हा म्हणतो. दोघेही स्वभावाची बाजू घेतल्यासारखे बोलतात. एकाला माणूस मुळात स्वार्थी वाटतो, दुसऱ्याला मुळात प्रेमळ. मला हा वाद स्वभावाचा वाटत नाही. स्पर्धा आणि सहकार या दोन्ही व्यवस्था आहेत आणि कोणत्याही व्यवस्थेला विचारण्यासारखे प्रश्न दोनच आहेत. ज्याला ती नकोशी झाली त्याला तिच्यातून बाहेर पडता येते का? आणि तिच्यात जो हरतो, त्याचे नुकसान शेवटी कोणाच्या अंगावर पडते?

बाजारपेठेत समोरासमोर दोन किराणा दुकाने उघडली, तर त्यांतले एक कदाचित वर्षभरात बंद पडेल. दुकानदाराचे भांडवल बुडेल आणि ते दुःख लहान नाही. पण गावातले धान्य त्यामुळे कमी होत नाही, गिऱ्हाइकाचा फायदाच होतो आणि हरलेल्याला उद्या गिरणी टाकता येते. या स्पर्धेला शिव्या देण्याचे मला कारण दिसत नाही. द्राक्षबागाईतदार एकमेकांच्या बागा चोरून पाहतात, छाटणीची तारीख लपवतात, आपला माल आधी बाजारात नेण्यासाठी धडपडतात आणि त्यातूनच नाशिक-सांगलीकडची द्राक्षे सुधारत गेली.

बोअरची शर्यत मात्र वेगळ्या जातीची आहे आणि याचे कारण आपल्या पायाखालच्या खडकात आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे लाव्हाच्या थरांवर उभा आहे. गंगेच्या गाळासारखे या खडकात सर्वत्र पाणी मुरत नाही. ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खाली कुठे कुठे असलेल्या भेगा-सांध्यांत साठते. वरचा थर दरवर्षीच्या पावसाने भरतो. खोल भेगांतले पाणी साठायला फार काळ लागलेला असतो आणि ते संपायला दोन उन्हाळे पुरतात. एकाच भेगेवर तीन शेतकऱ्यांच्या तीन बोअर असल्या, तर सर्वांत खोल पानबुडी मोटार ज्याची, पाणी त्याचे. कायदाही फारसा निराळे सांगत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अशी, की जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी उपसण्याचा हक्क त्याचा. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हाच या हक्काचा खरा अर्थ.

आता या शर्यतीत मामांनी भाग घेतला नसता तर काय झाले असते, याचा विचार करावा. पाणी खाली राहिले नसते. ते बांधापलीकडच्या बोअरमधून वर आले असते, मामांची डाळिंबे वाळली असती आणि त्यांच्या संयमाची नोंद कोणी ठेवली नसती. म्हणजे एकट्याने शहाणे होण्याला येथे शिक्षा आहे. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता बिनचूक असतो आणि सगळ्यांचे बिनचूक निर्णय मिळून आड कोरडा पडतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते; तरीही पोहरे वाढतच जातात, कारण आपला पोहरा मागे घेणारा फक्त शेजाऱ्याचा भरतो.

आणि हरणाऱ्याचे नुकसान त्याच्यापाशी थांबत नाही. फसलेल्या बोअरचे कर्ज पुढच्या बोअरच्या कर्जात मिसळते. ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांनी या शर्यतीत भाग घेतलेला नसतो, पण गावची पिण्याच्या पाण्याची विहीर आटली की टँकरमागे कळशी घेऊन धावायला तेच पुढे असतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे अंतर, सुरुवातीला दहा वाघिणी आणि पुढे एका खेपेला २५ लाख लिटर. त्या टंचाईमागे सलग अपुरा पाऊस होता हे खरे, तसेच वर्षानुवर्षे झालेला उपसा आणि पाण्याला न झेपणारा ऊसही होता. रेल्वेचे पाणी भरण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या शहरातल्या बाईने उसाचे एक कांडेही लावलेले नव्हते.

अशा ठिकाणी सहकाराला पर्याय नाही, असे मी म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ चांगुलपणाला पर्याय नाही असा घेतला जातो आणि तेथेच चर्चा फसते. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार सर्वांना माहीत आहे. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले, श्रमदान झाले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी झाली, डोंगर हिरवे झाले, ही कथा भाषणांतून इतकी सांगितली गेली आहे की तिच्यातला सर्वांत रुक्ष भाग हरवूनच गेला. तो भाग असा, की गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, ऊस आणि केळी वर्ज्य केली आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत पाडली. पाऊस किती झाला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात रब्बीचे किती क्षेत्र बसेल, हे ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी, तर पेरा कमी. जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात चर खणणे हे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे काम म्हणजे जमा झालेले पाणी कोणी किती उपसायचे हे ठरवणे, आणि ते पहिल्या अर्ध्याहून कितीतरी अवघड.

त्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. साळुंखे इंजिनिअर होते आणि त्यांचे नियमही इंजिनिअरने केल्यासारखे होते. पाणी जमिनीच्या हिशेबाने वाटायचे नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबाने वाटायचे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः भरायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा असेल. या शेवटच्या नियमाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण आपल्या सहकाराच्या इतिहासात इतकी धीट ओळ फारशी सापडत नाही. पाणी जमिनीपासून सोडवून माणसाला बांधले, की बांधाच्या लांबी-रुंदीवर जी सत्ता अवलंबून असते ती सारी ढिली पडते. पाणी पंचायतीचा हा नियम पुढे राज्याच्या धोरणात रुजला नाही, याचेही कारण बहुधा हेच असावे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. त्यांचा पीएच.डी.चा विषय आपल्या शेतकऱ्याला परका वाटू नये. लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिन या भूजल खोऱ्यात पंपांची अशीच शर्यत लागली होती आणि गोडे पाणी इतके उपसले गेले की पॅसिफिकचे खारे पाणी जमिनीखालून आत सरकू लागले. तेथल्या नगरपालिका, कंपन्या आणि पंपधारक कोर्टात गेले. त्यातून निघालेली तडजोड मला फार बोलकी वाटते. आपला उपसा कमी करण्याच्या करारावर प्रत्येकाने सही करायची, पण एकूण हक्कांपैकी ८० टक्के हक्क असलेल्यांच्या सह्या झाल्याशिवाय तो करार कोणालाच लागू होणार नाही. म्हणजे ‘तू थांबलास तर मी थांबतो’ ही बांधावरची भाषाच कायद्याच्या कागदावर उतरली. कोणाकडूनही एकट्याने त्याग करण्याची अपेक्षा नव्हती.

आपल्या जुन्या गावगाड्यालाही हे उमगत होते. एकेका बैलाचे दोन शेतकरी वारंगुळा करून जोडी जमवत, नांगरटीसाठी इर्जिक घातली जाई, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच्या रानात राबायचे आणि त्याने जेवण घालायचे, आंबेगाव-जुन्नरच्या डोंगराळ भागात असेच मिळून राबत, पडकई करून खाचरे तयार केली जात. या सगळ्याला आता आपण जिव्हाळ्याचा मुलामा देतो. जिव्हाळा असेलही, पण मागच्या इर्जिकीला कोण आले नव्हते, हे त्या जेवणाच्या पंगतीत प्रत्येकाला तोंडपाठ असे. सहकार टिकतो तो या स्मरणशक्तीवर.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजू टाळता येत नाही, आणि ती टाळणारे लेख वाचून मला कंटाळाही आलेला आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचे भांडवल जमवून लोणीला प्रवरेचा कारखाना काढला, धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५० च्या अखेरीस तेथे पहिले गाळप सुरू झाले. खासगी साखरसम्राटांच्या दारात ताटकळणारा शेतकरी स्वतः मालक झाला, ही घटना लहान नव्हती. ज्या जिल्ह्यांत कारखाने निघाले तेथे रस्ते, शाळा, दवाखाने, तंत्रनिकेतने आली. पण मालक झालेल्या सभासदाला आपला ऊस कोठे घालायचा हे ठरवण्याची मुभा राहिली नाही. १९८४ च्या आदेशाने झोनबंदी आली. ज्या कारखान्याच्या हद्दीत शेत, त्यालाच ऊस द्यायचा. ऊस वेळेवर तुटला नाही, भाव कमी मिळाला, काट्यावर वजन कमी भरले अशी शंका आली, तरी दुसऱ्या दाराशी जाण्याची सोय नव्हती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या बंदीविरुद्ध आवाज उठवला आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ती उठली.

त्यानंतर दोन कारखान्यांच्या सीमेवरच्या गावांत ऊस पळवापळवी सुरू झाली. कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस, जो आधी तोडीच्या तारखेसाठी आठ-आठ दिवस हेलपाटे घालायला लावी, तो उसाची टंचाई असलेल्या हंगामात स्वतः मोटारसायकलवरून वस्तीवर येऊन चहा पिऊ लागला. ज्यांनी हा बदल पाहिला, त्यांना स्पर्धेची महती सांगणाऱ्या पुस्तकाची गरज नाही. सर्वसाधारण सभेत जे ठराव कधी मंजूर झाले नाहीत, ते शेजारच्या कारखान्याने दिलेल्या ५० रुपये जास्त भावाने मंजूर करून घेतले. आज राज्यात गाळप करणारे कारखाने दोनशेच्या आसपास आहेत आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खासगी आहेत. त्यांतले काही तर पूर्वीचे सहकारीच, दिवाळखोरीत निघून विकले गेलेले. हे अधःपतन सहकारामुळे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते सहकाराला कोणी विचारणारा उरला नाही म्हणून झाले. बिनविरोध निवडणूक ही आपल्याकडे अभिनंदनाची बातमी असते. मला ती बातमी वाचली की धास्ती वाटते.

सहकार आणि सज्जनपणा यांची गाठ आपण जन्मजात समजतो, तीही खरी नाही. बाजारात व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत त्या हत्ता पद्धतीत एकजूट कमी नव्हती. बोली वर जाऊ द्यायची नाही, यावर दहा जणांचे इतके एकमत असे की एखाद्या आदर्श संस्थेला हेवा वाटावा. त्यांच्या सहकाराची किंमत रुमालाबाहेर उभा असलेला शेतकरी मोजत होता. पुन्हा तोच प्रश्न आला, नुकसान कोणाच्या अंगावर पडते हा.

तेव्हा उसाच्या काट्यावर मी स्पर्धेच्या बाजूचा आहे आणि बोअरच्या बाबतीत सहकाराच्या. यात विसंगती नाही. उसाचा शेतकरी एका सहकारात अडकला होता, त्याला दार हवे होते. बोअरचा शेतकरी एका स्पर्धेत अडकलेला आहे. त्यालाही दारच हवे आहे, पण ते दार एकट्याला उघडत नाही. या न्यायाने पाहिले तर दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर हवाई अंतराची जी अट राज्यात आहे, ती सैल व्हायला हवी असे मला वाटते. पाणी असलेल्या भागात ऊस असेल तर त्याच्यासाठी जितके गिऱ्हाईक जास्त तितके बरे, आणि पाणी नसलेल्या भागात कारखाना काढण्याला अंतराची नव्हे, पाण्याची अट असावी.

दोन्ही व्यवस्था एकत्र बांधण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग अलीकडच्या काळात पानी फाउंडेशनने केला. २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा झाली. ४५ दिवसांत श्रमदानाने जास्तीत जास्त जलसंधारण करणाऱ्या गावाला बक्षीस. कोरेगाव तालुक्यातले वेळू पहिले आले. पुढच्या वर्षांत ही स्पर्धा कितीतरी तालुक्यांत पसरली. एका पंगतीला न बसणारे दोन गट पहाटे एकाच चरात खोरी मारत होते, कारण पलीकडच्या गावापुढे मान खाली जाता कामा नये ही ईर्ष्या दोघांचीही होती. त्याआधी २००० मध्ये आर. आर. पाटील यांनी सुरू केलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानातही हेच बळ दिसले होते. गावागावांतल्या चढाओढीवर गावातली एकी पेटवायची ही युक्ती अस्सल आपली आहे. जत्रेतल्या कुस्तीचा आखाडा ज्याने पाहिला त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

तरीही माझी शंका अशी, की ईर्ष्येने खणता येते, राखता येत नाही. ४५ दिवसांची चढाओढ पावसाचे पाणी जमिनीत घालू शकते. त्यानंतरच्या ३२० दिवसांत ते पाणी कोण काढतो, याला परीक्षक नसतो, कॅमेरा नसतो, चषकही नसतो. भरलेली विहीर पाहून जो तो मनातल्या मनात उसाची लागण करतो. श्रमदान सगळ्यांचे आणि पाणी ज्याच्या बोअरला लागेल त्याचे, असे झाले तर गावाने घाम गाळून शर्यतीसाठी नवी धावपट्टी बांधून दिली इतकेच म्हणावे लागेल. पाण्याच्या ताळेबंदाचा आग्रह जेथे नंतरही टिकला तेथे हे टळले. म्हणूनच हिवरे बाजारची बोअरबंदी मला तिथल्या हिरव्या डोंगराहून मोठी वाटते.

कायदा नाही असेही नाही. २००९ चा राज्याचा भूजल कायदा शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई करतो. ६० मीटर म्हणजे जवळजवळ २०० फूट. त्या रात्री पोरांनी पुकारलेल्या आकड्यांपैकी निम्म्याहून जास्त आकडे बेकायदा होते आणि तेथे जमलेल्यांपैकी कोणाला, माझ्यासकट, ते ठाऊक नव्हते. मुंबईत बसलेल्या कोणा अधिकाऱ्याने प्रत्येक गाडीमागे शिपाई पाठवून हा कायदा राबवावा, अशी माझी अपेक्षा नाही. तसे झाले तर रात्रीच्या गाडीचा दर तेवढा वाढेल. गरज आहे ती शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारण्याची आणि त्यासाठी कोणाच्या शिवारात किती फुटांवर काय चालले आहे हे सर्वांसमोर असण्याची. सातबाऱ्यावर विहीर आणि बोअर यांची नोंद करता येते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाईलवरून पीक आणि पाण्याचे साधन नोंदवतो. म्हणजे माहितीचा बराच भाग गावाच्या खिशात आधीच आहे. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत तलाठ्याने पावसाच्या आकड्यानंतर ही यादी नावानिशी मोठ्याने वाचावी, वेस्ट बेसिनसारखा एक कागद फिरवावा आणि ८० टक्के सह्या होईपर्यंत तो कोणालाच बांधील नाही हे पहिल्या ओळीत लिहावे. त्यात जमीन नसलेल्या घरांच्याही सह्या असाव्यात आणि त्यांचा वाटाही.

गेल्या दिवाळीत मी ही कल्पना मामांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘पहिली सही कुणाची घेणार?’ मी म्हणालो, तुमची. ते हसले, उठले, मोटार बंद करायला गेले आणि परत येताना बांधापलीकडच्या शेजाऱ्यांना चहाला घेऊन आले. शेजाऱ्यांची नवी बोअर आता ५६० फुटांवर आहे.